सूडकथेतला राहून गेलेला शोक

मूळ लेख

‘शोले’ (१९७५) पाहिलेल्या प्रत्येकाला ठाकूर बलदेवसिंहाचे नसलेले हात आठवतात. मला मात्र त्याआधीचे एक दृश्य अधिक अस्वस्थ करते. ठाकूर सुटीवर घरी येतो, घरच्यांसाठी भेटवस्तू घेऊन येतो, आणि अंगणात पांढऱ्या कापडाखाली ओळीने प्रेते ठेवलेली असतात. तो ती पाहतो आणि तसाच घोड्यावर बसून गब्बरच्या अड्ड्याकडे निघतो. रडत नाही, क्षणभर बसतही नाही. ज्या हातांनी त्या प्रेतांना अग्नी द्यायचा, तेच हात तो त्या धावपळीत गमावून बसतो. या चित्रपटाचा जो शेवट आधी चित्रित झाला होता आणि सेन्सॉरच्या आग्रहामुळे बदलावा लागला, त्यात ठाकूर गब्बरला स्वतः ठार करतो आणि त्यानंतर रडतो. इतकी वर्षे राहून गेलेले रडणे त्याला शत्रू मेल्यावरच सापडते.

आपल्याकडे सूडकथांचा मनोविश्लेषणाच्या अंगाने विचार होतो, तेव्हा बहुधा इडिपस गंडापासून, म्हणजे मुलाला असणारी आईची ओढ आणि त्यातून बापाशी होणारी स्पर्धा यापासून, सुरुवात होते: बाप अनुपस्थित, आई देवतेसमान, मुलगा तिचा रक्षक आणि खलनायक हा दुष्ट बापाचा मुखवटा. हे चूक आहे असे मी म्हणत नाही, पण ते फार लवकर हाती लागणारे उत्तर आहे. माझ्या मते हिंदी सूडपटाच्या मुळाशी स्पर्धेपेक्षा शोक आहे, आणि तोही पूर्ण न झालेला. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ साली शोक आणि विषण्णता यांतला फरक मांडला, तो इथे फार उपयोगी पडतो. शोक करणाऱ्याला जग रिकामे वाटते, पण हळूहळू, एकेक आठवण सोडवत, तो गेलेल्या माणसाला जाऊ देतो. विषण्ण माणसाला मात्र स्वतःचे आतलेच रिकामे वाटते, कारण गेलेल्या माणसाला त्याने सोडलेलेच नसते. त्याला आत घेऊन तो त्याच्याशी आणि स्वतःशी भांडत राहतो. सूडनायकाने यातून तिसरी वाट काढलेली असते. तो मृताला सोडत नाही आणि स्वतःला दोषही देत नाही. त्या दोन्हींच्या ऐवजी तो एक जिवंत शत्रू धरून ठेवतो. शत्रू जिवंत आहे तोवर मृत माणूस पूर्णपणे मेलेला नसतो.

‘जंजीर’मधला (१९७३) मुलगा विजय दिवाळीच्या रात्री आईबापांचा खून लपून पाहतो. त्याला खुन्याचा चेहरा दिसत नाही, दिसते ती फक्त मनगटावरच्या साखळीत लोंबणारी पांढऱ्या घोड्याची आकृती. मोठेपणी तो पोलीस अधिकारी होतो, तरी तो घोडा स्वप्नात येतच राहतो. फ्रॉइडला पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अशाच स्वप्नांनी पेचात टाकले होते. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती असेल, तर माणूस त्याच भीषण क्षणाकडे पुन्हापुन्हा का जातो? १९२० साली त्याने यासाठी पुनरावृत्तीच्या सक्तीची कल्पना मांडली. विजयचे स्वप्न हे त्या सक्तीचे इतके स्वच्छ उदाहरण आहे की त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. आईबाप स्वप्नात येत नाहीत, घोडा येतो, एवढीच गोष्ट लक्षात घ्यावी.

‘दीवार’कडे (१९७५) मी थोडा अधिक वेळ थांबतो. याही नायकाचे नाव विजयच. त्याच्या हातावर ‘माझा बाप चोर आहे’ या अर्थाची अक्षरे गोंदवलेली आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाप घर सोडून गेला आहे, म्हणजे तो मेलेला नाही आणि जिवंतही नाही. अशा माणसासाठी रडायचे कसे, हा प्रश्न या कुटुंबाने कधी सोडवलेला नाही. पुढे बाप एका रेल्वेगाडीत मृतावस्थेत सापडतो आणि चितेला अग्नी देणारा विजयचा तोच गोंदलेला हात आपल्याला दिसतो. तिथे शोक सुरू होऊ शकला असता. पण हातावरचे गोंदण जळत नाही, आणि विजय त्या चितेवरून उठून पुन्हा त्याच जगात जातो. आईने जिच्यासाठी विटा वाहिल्या ती गगनचुंबी इमारत तो विकत घेतो आणि विकणाऱ्याला सांगतो की आणखी पैसे मागितले असते तरी दिले असते. ही खरेदी म्हणजे सूडच आहे, फक्त त्यात कुणी मरत नाही. तो भूतकाळच विकत घेऊ पाहतो आहे, आणि आई त्या भेटीकडे पाठ फिरवते.

अलीकडचे एक उदाहरण श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’चे (२०१५). बँकेवरच्या दरोड्यात बायको आणि लहान मुलगा गमावलेला रघू पंधरा वर्षे थांबतो, आणि या पंधरा वर्षांत तो इतका आक्रसत जातो की शेवटी चित्रपटाची माणुसकी लायक नावाच्या खुन्याकडे जाते. दिग्दर्शकाने सूडनायकाला विषण्णतेच्या तळापर्यंत जाऊ दिले आणि तिथून वर काढले नाही, यासाठी मला हा चित्रपट फार मोलाचा वाटतो.

माझा मुद्दा एवढाच की सूडकथेचे मनोविश्लेषण करताना ‘नायकाला कुणाला मारायचे आहे’ यापेक्षा ‘नायकाला कुणासाठी रडता आले नाही’ हा प्रश्न आधी विचारावा. याच्याशी असहमत असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

प्रतिसाद १

लेख आवडला, पण त्यातले मूळ गृहीतक मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे ‘दीवार’च्याच आधारे सांगतो.

आपण गोंदणाबद्दल लिहिलेत, पण ते कुणी आणि का गोंदले हे गाळलेत. विजयचा बाप खाणकामगारांचा पुढारी आहे. मालक त्याच्या बायकोमुलांना ओलीस धरतो आणि त्यांचे प्राण वाचवण्यासाठी तो कामगारांच्या हिताविरुद्ध सही करतो. त्यानंतर चिडलेली माणसे त्याच्या मुलाला पकडून त्याच्या हातावर ती अक्षरे गोंदवतात. म्हणजे ती जखम एका संपाच्या पराभवाची आहे. ती कुटुंबाच्या आत तयार झाली नाही, बाहेरून आत आली. आपण तिचे रूपांतर बापासाठी न केलेल्या शोकात केलेत, आणि त्या रूपांतरात खाण, मालक, सही आणि संप हे सगळे नाहीसे झाले. मनोविश्लेषणाबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे: ते प्रत्येक गिरणीच्या भोंग्यातून आईची हाकच ऐकते.

इथे एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. संतप्त तरुण नायकाला आणीबाणीचे अपत्य म्हणण्याची सवय पडली आहे. आणीबाणी जाहीर झाली ती जून १९७५ मध्ये. ‘जंजीर’ १९७३ चा आणि ‘दीवार’ जानेवारी १९७५ चा. या चित्रपटांच्या मागे महागाई, बेकारी आणि मे १९७४ चा रेल्वे संप यांचा काळ आहे. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला विजयचा राग कळत होता, कारण त्याने तो राग कारखान्याच्या फाटकावर पाहिला होता. त्यासाठी त्याला स्वतःच्या बालपणात जावे लागले नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. वेट्रीमारन यांच्या ‘असुरन’ (२०१९) या तमिळ चित्रपटात जमीनदाराने भावाचा घेतलेला जीव पाहून धाकटा मुलगा त्या जमीनदाराला ठार करतो, आणि बाप त्याला घेऊन रानोमाळ पळतो. बापाच्या स्वतःच्या भूतकाळात जाळलेल्या झोपड्या आहेत. त्या पाहताना २५ डिसेंबर १९६८ चे तमिळनाडूतले किळवेन्मणी गाव आठवल्याशिवाय राहत नाही, जिथे ४४ दलितांना जाळून मारले गेले. अशा माणसाला ‘तुझा शोक अपूर्ण राहिला आहे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या न्यायाच्या मागणीला आजाराचे नाव देणे आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. त्या दगडाला कोणता गंड लावणार? ज्याला आयुष्यभर हिणवले गेले, त्याचा राग हा लक्षण नसून उत्तर आहे, आणि त्या उत्तराचा अर्थ लावण्याआधी ते ऐकून घ्यावे लागते.

प्रतिसाद २

मी थोडक्यात आणि केवळ पटकथेच्या बाजूने लिहितो.

सूडपटात बालपणीचा प्रसंग सुरुवातीला येतो, कारण तीन तासांच्या चित्रपटात प्रेक्षकाला नायकाच्या बाजूला बांधून घेण्याचा तो सर्वांत कमी वेळ घेणारा मार्ग आहे. खुन्याचा चेहरा दिसू नये आणि साखळी दिसावी, कारण चेहरा दिसला असता तर ओळख पटण्याचा प्रसंग शेवटपर्यंत लांबवता आला नसता. हे लेखनाचे कसब आहे. त्यासाठी नेणिवेत, म्हणजे मनाच्या जाणिवेपलीकडच्या थरात, उतरण्याची आवश्यकता मला दिसत नाही.

आणि एक सरळ प्रश्न. कोणता सूडपट दाखवला, तर आपण आपला सिद्धान्त चुकला असे मान्य कराल? नायक रडला तर राहून गेलेला शोक सापडला, आणि नायक रडला नाही तर शोक राहून गेला, असे दोन्हीकडून जुळत असेल, तर ते वाचन चित्रपटाबद्दल काहीच सांगत नाही.

प्रतिसाद ३

मला दोन्ही बाजूंशी मतभेद नोंदवायचा आहे. मूळ लेखाने इडिपस गंड फार घाईने बाजूला सारला, आणि प्रतिसाद १ ने कुटुंबाला इतिहासाच्या बाहेर काढले. भारतीय कुटुंब हीच आपल्याकडची सर्वांत जुनी सत्तासंस्था आहे.

या विषयाला भारतात शंभर वर्षांची परंपरा आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी दीर्घ पत्रव्यवहार केला. त्या पत्रव्यवहारात त्यांनी आदरपूर्वक पण ठामपणे सांगितले की आपल्या रुग्णांमध्ये खच्चीकरणाची भीती युरोपीय रुग्णांसारखी दिसत नाही आणि स्त्री होण्याची इच्छा पुरुषांमध्ये अधिक सहज वर येते. पुढे कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी ‘भारतीय इडिपस’ या निबंधात असे दाखवले की आपल्या कथांमध्ये आक्रमणाची दिशाच उलटी आहे. मुलगा बापाला मारत नाही. बाप मुलाचे काहीतरी घेतो. ययाती पुरूचे तारुण्य घेतो, शंतनूच्या लग्नासाठी देवव्रत आपले संसारसुख सोडतो, शिव गणेशाचे मस्तक उडवतो. बापाच्या आज्ञेने परशुराम आईवर शस्त्र चालवतो. आपल्याकडे माहूरच्या रेणुकेला जाणाऱ्या प्रत्येकाला ही कथा ठाऊक असते आणि तरी तिचा पूर्ण भार कुणी उचलत नाही.

आता हे मनात ठेवून सूडपट पाहावेत. ‘मदर इंडिया’त (१९५७) आईची गहाण पडलेली कांकणे परत मिळवण्यासाठी सावकाराचा जीव घेणाऱ्या बिरजूला आईच गोळी घालते. ‘वास्तव’मध्ये (१९९९) आई मुलावर गोळी झाडते. ‘दीवार’मध्ये आई एका मुलाच्या हाती पिस्तूल देते आणि दुसऱ्या मुलाची वाट पाहत देवळात जाते. ‘शक्ती’त (१९८२) बाप मुलाला गोळी घालतो. आणि जिथे मुलगा खरोखरच बापाविरुद्ध उभा राहतो, त्या ‘त्रिशूल’मध्ये (१९७८) विजय बापाचा व्यवसाय, नाव, घर सगळे हिरावून घेतो, पण बापाचा मृत्यू दुसऱ्याच माणसाच्या गोळीने होतो, आणि तोही मुलाला वाचवताना. चित्रपट मुलाच्या हाताला रक्त लागू देत नाही. हा योगायोग इतक्या वेळा घडत असेल, तर त्याला पटकथेचे कसब म्हणून सोडून देता येणार नाही, कारण कसब नेहमी कुणाच्या तरी सोयीसाठी वापरलेले असते.

‘शक्ती’तील दूरध्वनीचा प्रसंग मला या सगळ्याची किल्ली वाटतो. लहान विजयला गुंडांनी पळवले आहे. बाप पोलीस अधिकारी आहे. तो गुंडांपुढे झुकणार नाही, हे त्याचे शब्द मुलाच्या कानावर पडतात. मुलगा त्यातून वाचतो, पण ज्यांनी पळवले त्यांच्यावर त्याने कधी डूख धरला नाही. त्याने तो बापावर धरला. इतर सूडपटांत हा राग वाट बदलून खलनायकाकडे जातो. इथे तो जिथून निघाला तिथेच राहतो, आणि म्हणून या चित्रपटात धड खलनायकच उरत नाही. माझ्या मते सूडनायकाचा मूळ प्रश्न ‘माझ्या बापाला कुणी मारले’ हा नसून ‘माझ्या बापाने मला का वाचवले नाही’ हा आहे. मूळ लेखकांनी ज्याला शोक म्हटले, त्याच्या पोटात हा आरोप आहे, आणि आरोप उच्चारता येत नाही म्हणूनच शोक पुरा होत नाही.

प्रतिसाद ४ (मूळ लेखकाचे उत्तर)

आधी प्रतिसाद २ चा प्रश्न घेतो, कारण तो योग्य आहे. सूड पूर्ण झाल्यावर नायकाच्या हाती खरोखर काही लागते, तो पुन्हा एखाद्या नात्यात, कामात, रोजच्या जगण्यात परततो आणि हे परतणे चित्रपट पटवून देतो, असा मोठा सूडपट दाखवल्यास मी माझे म्हणणे मागे घेईन. घाईघाईने जोडलेले लग्न मी मोजणार नाही. साखळीबद्दल आपण सांगितलेले कारण मला मान्य आहे. पण लेखकाने एखादी गोष्ट रचनेसाठी आणली म्हणून ती प्रेक्षकाच्या मनात केवळ रचना म्हणून राहत नाही. मी विजयच्या नेणिवेबद्दल बोलत नाही. विजय हे पात्र आहे, त्याला नेणीव नाही. चित्रपटाची मांडणी कशाभोवती फिरते आणि कोणत्या जागी थांबायचे टाळते, याबद्दल मी बोलतो आहे.

प्रतिसाद ३ मधील मुद्द्याने माझे मत बदलले आहे. दूरध्वनीच्या प्रसंगाचा मी असा विचार केला नव्हता. शोकाच्या पोटात आरोप असतो हे फ्रॉइडनेही विषण्णतेबाबत म्हटले होते: स्वतःला दोष देणारा माणूस खरे तर गेलेल्या माणसाला दोष देत असतो. मी तेवढा भाग वापरायला हवा होता.

प्रतिसाद १ ची दुसरी हरकत मात्र मला सर्वांत अधिक टोचली, आणि तिला उत्तर द्यायचे तर ‘हैदर’कडे (२०१४) जावे लागते. तिथे १९९५ चे काश्मीर आहे. बापाला लष्कर घेऊन जाते आणि तो बेपत्ता होतो. नवरा जिवंत आहे की मेला हे ज्यांना ठाऊक नाही अशा स्त्रियांना तिथे अर्धविधवा म्हणतात, आणि हैदरची आई काही काळ त्यांच्यापैकी एक असते. प्रेत नाही, कबर ठाऊक नाही, मग शोक करायचा कुठे? इथे शोक अपूर्ण राहणे हा कुणाच्या मनाचा आजार नाही. तो अपूर्ण ठेवला गेला आहे, आणि ठेवणाऱ्याकडे सत्ता आहे. अपूर्ण शोक म्हणजे व्यक्तीचे दुबळेपण, असे माझ्या लेखातून सुचले असेल तर ती माझ्या लेखनाची चूक आहे. ज्यांची प्रेते परत दिली जात नाहीत, ज्यांच्या मृत्यूची नोंद होत नाही, त्यांचा शोक हीच एक राजकीय मागणी असते. शेवटी हैदर बापाचा घात करणाऱ्या काकाला मारण्याच्या टोकापर्यंत येतो आणि मारत नाही. सूडातून फक्त सूडच जन्मतो हे आजोबांचे म्हणणे त्याला आठवते. तो निघून जातो तेव्हा मला त्यात क्षमा दिसत नाही. पण तिथेच आई मरण पावली आहे हे त्याला कळलेले असते, आणि तिच्यासाठी तो रडलेला असतो.

प्रतिसाद ५

इतका वेळ सगळी चर्चा मुलांची चालली आहे. आई येते ती कुशीसारखी, देवळासारखी किंवा पिस्तूल देणाऱ्या हातासारखी. सूड घेणाऱ्या स्त्रीबद्दल एकानेही लिहिले नाही, म्हणून लिहिते आहे.

‘इन्साफ का तराजू’ (१९८०), ‘प्रतिघात’ (१९८७), ‘जख्मी औरत’ (१९८८), ‘खून भरी मांग’ (१९८८) हे चित्रपट एकापाठोपाठ आठवून पाहा. यांतल्या नायिकेला बालपण नाही. कपाटामागून पाहिलेला खून नाही, स्वप्नातला घोडा नाही, मरताना डोके ठेवायला कुणाची कूस नाही. पुरुषाची जखम भूतकाळात असते म्हणून ती स्मृती होऊ शकते, तिच्यावर गाणे होऊ शकते, तिचे प्रतीक होऊ शकते. स्त्रीची जखम तिच्या शरीरावर, चित्रपटाच्या चालू काळात, बहुधा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर घडते. तिने काय गमावले याचा शोक चित्रपट करत नाही. तिच्यावर काय झाले हे तो दाखवतो, आणि अनेकदा गरजेपेक्षा जास्त वेळ दाखवतो. ज्या चौकटीत शोकाला जागाच ठेवलेली नाही, तिच्यावर अपूर्ण शोकाचे वाचन कसे लावणार?

‘जख्मी औरत’मध्ये तर बलात्काऱ्यांचे शब्दशः खच्चीकरण केले जाते. जे मनोविश्लेषणाने उकलून दाखवायचे, ते चित्रपटाने उघड पडद्यावर आणले. पण ते कुणाच्या मनातले आहे? मला ते स्त्रीच्या रागापेक्षा पुरुषाच्या भीतीचे चित्र वाटते. हे चित्रपट ज्या काळात आले, त्याच्या मागे एक खरा लढा होता. १९७२ मध्ये आपल्याच राज्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, त्याविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ‘इन्साफ का तराजू’त न्यायालय आरोपीला सोडते, तो पुढे धाकट्या बहिणीवर अत्याचार करतो आणि मग थोरली बहीण गोळी झाडते. त्या काळच्या प्रेक्षक स्त्रीला हे कुठून आले ते सांगावे लागले नसेल. पण पडद्यावरची बाई एकटी लढते. रस्त्यावरच्या स्त्रिया मात्र एकट्या नव्हत्या. हा फरक मला कोणत्याही गंडापेक्षा मोठा वाटतो.

आणि आईबद्दलही एक सांगते. ‘करण अर्जुन’मध्ये (१९९५) मुले मारली जातात, आई देवीपुढे हट्ट धरते आणि ती मुले पुन्हा जन्म घेऊन येतात. त्यांना नव्या जन्मात आपापली घरे आहेत, आयुष्ये आहेत. सूडाची गरज त्यांना नाही, आईला आहे. मूळ लेखाच्या भाषेत सांगायचे तर ही अशी आई आहे जिने शोक करायला साफ नकार दिला, आणि तिच्या नकारापुढे मृत्यूच मागे हटला. प्रेक्षागृहांत त्या नकारावर लोक टाळ्या वाजवत होते. मला त्या टाळ्या समजतात. ज्या स्त्रीला नवरा गमावल्यावर आणि मुले गमावल्यावर शोक करण्यापलीकडे दुसरे कामच दिलेले नसते, तिने तो करणार नाही असे म्हणणे ही माझ्या दृष्टीने विकृती नाही. तो तिचा एकमेव अधिकार आहे.

प्रतिसाद ६

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून एकच निरीक्षण नोंदवते. शोक ‘पूर्ण’ होतो ही कल्पना आता आमच्यापैकी अनेकांनी सोडली आहे. माणसे मृतांशी नाते तोडत नाहीत, ते बदलून घेतात. कुणी वाढदिवस पाळते, कुणी गेलेल्याचे राहिलेले काम हाती घेते. ‘असुरन’मधला बाप मुलाला शेवटी शिक्षणाबद्दल सांगतो: जमीन हिसकावून घेतील, पैसा हिसकावून घेतील, शिकलेले कुणी हिसकावू शकत नाही. आणि स्वतः तुरुंगात जातो. त्याने जळालेली माणसे विसरलेली नाहीत. त्यांचे देणे कुठे द्यायचे, ती जागा त्याने बदलली आहे. मूळ लेखकांनी प्रतिसाद २ ला जी अट घातली होती, तिच्या जवळ जाणारा हा चित्रपट आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद ७ (प्रतिसाद १ च्या लेखकाकडून)

‘हैदर’बद्दलचे म्हणणे मान्य. शोकालाच राजकीय मागणी म्हणता येत असेल, तर आपल्यातले अंतर मला वाटले त्यापेक्षा कमी आहे. ‘दीवार’बद्दल मात्र मी माझ्या जागी ठाम आहे. तो बाप हरवला तो संप हरल्यामुळे, आणि संपाचा शोक कुटुंबातल्या माणसाच्या शोकासारखा एकट्याने करता येत नाही. विजयने इमारत घेतली तेव्हा ती बांधणाऱ्या इतर बायकांचे काय झाले, हे चित्रपट विचारत नाही. आईच्या विटा तेवढ्या लक्षात राहिल्या. मनोविश्लेषणाने हे न विचारणे दाखवून दिले, तर त्याचा मला उपयोग आहे.

‘शोले’बद्दल एक गोष्ट राहिली, तीही लिहून ठेवतो. सेन्सॉरची हरकत ठाकूरने खून करण्याला होती, कारण माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेतलेला चालणार नव्हता. म्हणून चित्रपट प्रदर्शित झाला तो पोलीस वेळेवर पोहोचण्याच्या शेवटासह, आणि तो झाला १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा. आपल्या लेखानंतर मी दोन्ही शेवट पुन्हा पाहिले. पोलीस येतात तेव्हा ठाकूर थांबतो, गब्बरला बेड्या पडतात, आणि कथा स्टेशनाकडे निघते. खुनाबरोबर ते रडणेही कापले गेले होते, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानात आले नव्हते.

प्रतिसाद ८ (मूळ लेखकाचे उत्तर)

प्रतिसाद ५ ला मी अजून उत्तर दिलेले नाही, कारण माझ्याकडे ते नाही. स्त्रीच्या सूडकथेत शोकाला जागाच ठेवलेली नसते, हे वाचल्यावर माझ्या वाचनाची हद्द मला दिसली. ते ज्या चित्रपटांवरून तयार झाले, ते सगळे मुलांचे आहेत. ‘शोले’पुरते पाहिले तरी त्या अंगणातल्या प्रेतांमध्ये ठाकूरच्या सुनेचा, राधाचा, नवराही होता. ठाकूर घोड्यावर बसून निघाला, त्याचे रडणे एका आवृत्तीत राहिले आणि दुसरीत कापले गेले, पण कोणत्याही आवृत्तीत राधाला शत्रू दिलेला नाही. ती रोज संध्याकाळनंतर वाड्यातले दिवे एकेक करून मालवते, आणि जय खालून ते पाहत बसतो. मी मूळ लेख लिहिताना ठाकूरपासून सुरुवात केली. आता तो पुन्हा लिहायला घेतला, तर त्या दिव्यांपासून करीन.